कानापुरता आवाज



आमच्या घरात रोज संध्याकाळी साडेसातला एक छोटे युद्ध होत असे. कारण राजकारणाचे नव्हते, मालमत्तेचेही नव्हते. कारण होते टीव्हीच्या पडद्यावर उमटणारा आवाजाचा आकडा. माझ्या पत्नीला बारा पुरतात, मला पंधरा, आईला अठरा. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते रिमोट हातात घेत आणि आकडा चाळीसवर नेऊन ठेवीत. पलीकडच्या खोलीत दहावीचा अभ्यास करणारी मुलगी दार लावून घेई, आणि दाराने भागले नाही की कानात कापूस घाली. वरच्या मजल्यावरचे शेजारी सज्जन. ते जिन्यात भेटले की एवढेच म्हणत, "काल बातम्या आम्हीही ऐकल्या." मग घरातले कोणीतरी आकडा वीसवर आणी. अण्णा काही बोलत नसत. थोडा वेळ पडद्याकडे नुसते पाहत बसत, आणि उठून गॅलरीत जात.

त्यांचे हे उठून जाणे माझ्या लक्षात फार उशिरा आले. आवाज कमी झाला म्हणजे प्रश्न सुटला, अशीच आम्हा बाकीच्यांची समजूत होती. पण वयस्कर माणसाला ऐकू येईनासे झाले की तो आधी टीव्हीसमोरून उठतो, मग गप्पांतून उठतो, आणि हळूहळू घरात असून नसल्यासारखा होतो. म्हणून टीव्हीसाठी बिनतारी हेडफोन घ्यायचा असे आम्ही ठरवले. ती खरेदी आम्ही एकदा चुकीची केली आणि दुसऱ्यांदा बरी केली. या दोन खरेद्यांच्या मध्ये जे शिकलो, ते आज आपल्यापुढे ठेवायचे आहे.

तसा हेडफोन काही नवा नाही. १९२७ च्या जुलैत मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्या काळी साध्या स्फटिक संचावर कार्यक्रम ऐकायचा तर हेडफोन कानाला लावूनच ऐकावा लागे. संचात मोठा आवाज काढण्याची ताकदच नव्हती. आज ताकद भरपूर आहे, म्हणून ती आवरण्यासाठी आपण पुन्हा हेडफोनकडे वळतो आहोत. फरक एवढाच, की मधली तार गेली आहे. आणि तार गेली म्हणूनच निवड करताना थोडा विचार लागतो.

पण हेडफोनकडे वळण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. अण्णांना नेमके काय ऐकू येत नव्हते? ते म्हणत, "आवाज येतो रे, पण शब्द कळत नाहीत. हल्लीचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात." आम्हाला ही सबब वाटे. ती सबब नव्हती. मी मराठीचा अध्यापक आहे, तेव्हा उदाहरण मराठीतलेच देतो. काच, कात, काठ, काप हे चार शब्द घ्या. ‘का’ चारही शब्दांत एकच. त्यातला ‘आ’ हा स्वर जोरकस आहे आणि त्याचे बळ खालच्या कंपनसंख्येत असते. अर्थ बदलतो तो शेवटच्या व्यंजनामुळे. आणि च, त, ठ, स, श, फ यांसारखी व्यंजने ज्या ध्वनीवरून ओळखू येतात तो ध्वनी बारीक, वरच्या कंपनसंख्येचा आणि अंगाने दुबळा असतो. वय वाढते तसे कानाचे ऐकणे नेमके वरच्या बाजूने आधी कमी होत जाते. म्हणजे ‘का’ ऐकू येतो, पण काच की काठ ते कळत नाही. आवाज येतो आणि शब्द कळत नाहीत, असे अण्णा म्हणत होते ते अक्षरशः खरे होते.

आता टीव्हीचा आवाज वाढवला की काय होते? स्वर मोठे होतात, मालिकेतले मागचे संगीत मोठे होते, आणि दुबळे व्यंजन त्या गर्दीत मागेच राहते. त्यात खोलीतला पंखा, कुकरची शिट्टी, भिंतींवरून परतणारा आवाज. शिवाय आजचे टीव्ही इतके सपाट झाले आहेत की त्यांचे स्पीकर पुष्कळदा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. बोलणारा आपल्याकडे पाहून बोलतो आणि आवाज मात्र भिंतीकडे जातो. हेडफोनचा खरा उपयोग येथे आहे. तो खोली मधून काढून टाकतो. बोललेला शब्द पंखा आणि भिंत टाळून थेट कानापाशी येतो. तरीही पैसे खर्च करण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा पर्याय आहे का, तो लावून पाहावा. पुष्कळ टीव्हींवर तो असतो. फुकटचा उपाय आधी करावा.

आमच्याकडे त्याने थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग मी पहिली खरेदी केली, आणि ती कोणालाही न विचारता केली. ब्ल्यूटूथचा एक देखणा हेडफोन आणला. गाणी त्यावर सुरेख वाजत. टीव्हीला जोडला आणि अण्णांच्या कानावर चढवला. क्रिकेटचा सामना चालू होता. फलंदाजाने चेंडू टोलवलेला दिसला, आणि टोल्याचा आवाज मागाहून आला. अण्णांनी बातम्या लावल्या. निवेदिकेचे ओठ मिटले तरी तिचे वाक्य चालूच. अण्णा म्हणाले, "हे नाटकात विंगेतून दुसराच कोणी बोलतोय असं वाटतं." इकडे दुसराच घोटाळा झाला. हेडफोन जोडताच टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद झाला, आणि शेजारी बसलेली आई मुक्या चित्राकडे पाहत राहिली. शिवाय काही ना काही कारणाने जोडणी तुटे, आणि ती पुन्हा जोडायला रिमोटवरून चार पायऱ्या उतराव्या लागत. अण्णा त्यासाठी मला हाक मारत. चौथ्या दिवशी त्यांनी हाक मारणे सोडले आणि हेडफोन कपाटात गेला.

दोष त्या हेडफोनचा नव्हता. तो दुसऱ्या कामासाठी केलेला होता. ब्ल्यूटूथमध्ये आवाज जसाच्या तसा जात नाही. तो आधी दाबून लहान केला जातो, त्याच्या लहान लहान पुड्या बांधल्या जातात, त्या हवेतून पाठवल्या जातात, पलीकडे सोडल्या जातात, आणि मध्ये एखादी पुडी हरवली तर खंड पडू नये म्हणून थोड्या साठवून ठेवल्या जातात. या सगळ्याला वेळ लागतो. साध्या ब्ल्यूटूथ हेडफोनमध्ये तो सामान्यतः दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद असतो. गाणे ऐकताना गाणेच उशिरा सुरू होते, त्यामुळे कळत नाही. मोबाइलवर चित्रपट पाहतानाही बहुधा कळत नाही, कारण मोबाइल चित्रालाच तेवढे थांबवून धरतो. सगळेच टीव्ही ही काळजी घेत नाहीत.

एक सेकंदाचा पाचवा हिस्सा, त्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. नाट्यगृहाच्या मागच्या रांगेत बसणाऱ्यालाही आवाज उशिराच मिळतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवर बसलेल्या माणसाला संवाद एक दशांश सेकंद उशिरा पोचतो, आणि तो तक्रार करीत नाही. हे खरे आहे. थोड्या उशिराची आपल्या मेंदूला जन्मापासून सवय आहे. पण त्यालाही मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ मध्ये प्रक्षेपणासाठी जी शिफारस केली, तिच्यात ही मर्यादा दिली आहे. आवाज चित्राच्या मागे १२५ मिलिसेकंद राहिला की पाहणाऱ्याला ते जाणवू लागते, आणि १८५ च्या पुढे ते त्याला चालत नाही. आवाज चित्राच्या पुढे धावला तर सहनशक्ती याहून कमी. तेथे ४५ मिलिसेकंदांतच ते लक्षात येते. आता साध्या ब्ल्यूटूथचे दीडशे ते अडीचशे या आकड्यांशेजारी ठेवा, म्हणजे अण्णांची तक्रार समजेल. आणि ज्याला कमी ऐकू येते तो नकळत ओठ वाचून शब्द पुरा करीत असतो. त्याचे ओठ आणि आवाज यांची फारकत केली, तर आपण त्याची काठीच काढून घेतली असे होते.

दुकानात याची परीक्षा कशी करावी? आपल्या व्याकरणात ओष्ठ्य व्यंजने सांगितली आहेत: प, फ, ब, भ, म. यांतली प, ब, भ, म उच्चारताना ओठ मिटावेच लागतात. बातम्या देणाऱ्याचा चेहरा जवळून दिसत असेल असे दृश्य लावा, हेडफोन घाला आणि ‘मुंबई’, ‘पाऊस’, ‘महाराष्ट्र’ असे शब्द येतील तेव्हा ओठांकडे पाहा. ओठ मिटतात त्याच वेळी ‘म’ ऐकू आला तर ठीक. हेडफोनच्या डब्यावरचे इंग्रजी शब्द वाचण्यापेक्षा ही परीक्षा विश्वासाची आहे. आणि विक्रेता म्हणाला की टीव्हीत आवाज मागेपुढे करण्याची सोय आहे, तर एवढे ध्यानात ठेवा, की ती सोय बहुधा आवाज आणखी मागे ढकलण्याची असते. मागे पडलेला आवाज पुढे ओढता येत नाही; त्यासाठी चित्र थांबवावे लागते.

आता आवाज बिनतारी नेण्याच्या तीन रीती पाहू.

पहिली रीत अवरक्त किरणांची, म्हणजे आपला टीव्हीचा रिमोट ज्या किरणांवर चालतो त्यांची. हे किरण भिंतीपलीकडे जात नाहीत, त्यामुळे शेजारच्या संचांचा उपद्रव नाही. पण मध्ये कोणी उभे राहिले की आवाज तुटतो, आणि खिडकीतून थेट ऊन येत असेल तर खरखर होते. एका जागी बसून पाहणाऱ्याला ही रीत चालते.

दुसरी ब्ल्यूटूथची. तिचे गुण-दोष वर आलेच. ही रीत मुळातच वाईट नव्हे. उशीर कमी करणाऱ्या पद्धती निघाल्या आहेत. मात्र ती पद्धत टीव्हीत आणि हेडफोनमध्ये, दोन्हीकडे असावी लागते. एकाकडेच असली तर दोघे जुन्या संथ पद्धतीवर येतात. टीव्हीत नसेल तर टीव्हीला जोडण्याचा एक लहान प्रेषक वेगळा मिळतो. तो आणि हेडफोन जोडीने एका पद्धतीचे घेतले की काम होते. २०२२ पासून ब्ल्यूटूथमध्ये एक नवी सोय आली आहे, ऑराकास्ट नावाची. तिच्यात एकाच टीव्हीचा आवाज कितीही जणांना आपापल्या हेडफोनवर घेता येतो. पण येथेही दोन्हीकडची साधने त्या सोयीची हवीत.

तिसरी रीत खास टीव्हीसाठी केलेल्या रेडिओ हेडफोनची. याच्याबरोबर एक ठाणे येते. ते टीव्हीच्या मागे तारेने जोडायचे, आणि ते हेडफोनशी आपल्या खाजगी लहरीवर बोलते. यात उशीर जाणवण्याइतका नसतो. शेजारच्या खोलीतही आवाज पोचतो. रात्री हेडफोन ठाण्यावर ठेवला की तो चार्ज होतो, आणि सकाळी उचलून एक बटण दाबले की चालू होतो. जोडणीच्या पायऱ्या नाहीत. वयस्कर माणसासाठी हा गुण मला सर्वांत मोठा वाटतो. अण्णांसाठी दुसऱ्यांदा आम्ही हीच रीत निवडली.

येथे एक सावधगिरी. पुष्कळ घरांतली मुले परदेशात आहेत, आणि तिकडून आईवडिलांना अशी भेट येते. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा अशा साधनांना मोकळा आहे. आपल्याकडे त्याचा बराच भाग मोबाइल फोनच्या वाटपात येतो, आणि बिनपरवाना मोकळा पट्टा ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा मात्र दोन्हीकडे मोकळा. तेव्हा बाहेरून आणायचाच, तर २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा आणावा.

दुकानात जाण्यापूर्वी आणखी एक काम करावे. टीव्हीची मागची बाजू पाहावी, आणि मोबाइलवर तिचा फोटो काढून न्यावा. मागे हेडफोनचे साधे गोल भोक आहे का? लहान चौकोनी झाकणाचे, आत लाल उजेड दिसणारे ऑप्टिकलचे तोंड आहे का? यूएसबीचे तोंड पाहून समाधान मानू नये. त्यातून बहुधा वीज मिळते, आवाज मिळत नाही. जोडणी सेट-टॉप बॉक्सला न करता टीव्हीला करावी, म्हणजे केबलचा कार्यक्रम असो की इंटरनेटवरचा चित्रपट, सगळ्याचा आवाज येतो. ऑप्टिकलची तार जोडली आणि हेडफोन मुकाच राहिला, तर घाबरू नये. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज ‘पीसीएम’वर करावा. डॉल्बीतला आवाज पुष्कळ ठाण्यांना उलगडत नाही.

हे गोल भोक आणि ऑप्टिकल तोंड यांच्यातला फरक घराच्या दृष्टीने फार मोठा आहे. गोल भोकात पिन घातली की बऱ्याच टीव्हींचा आवाज बंद होतो. ऑप्टिकलमधून घेतला तर टीव्हीचा आवाजही चालू ठेवता येतो. म्हणजे आई, आम्ही आणि अण्णा एकाच वेळी एकच कार्यक्रम पाहतो. टीव्ही आमच्यासाठी पंधरावर, आणि अण्णांच्या कानापुरता आवाज अण्णांच्या हातात. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले, त्या काळात ज्याच्या घरी संच त्याच्या घरी आळी जमत असे, असे अण्णाच सांगतात. टीव्ही ही मुळात मिळून पाहायची वस्तू. ज्या हेडफोनमुळे एकाला ऐकू येते आणि बाकीचे मुके होतात, तो कितीही महाग असला तरी घराच्या उपयोगाचा नाही. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारावा, "हा लावला तर घरातल्या इतरांना आवाज येईल ना?"

आता डोक्यावरच्या गोष्टी. हेडफोन हलका असावा. दोन तास घालायचा असतो. चष्मा असेल तर चष्म्यासकट घालून पाहावा, नाही तर अर्ध्या तासात काडी कानामागे रुतते. आवाजाचे चाक बोटांनी सापडेल एवढे मोठे असावे. डावा-उजवा तोल बदलता आला तर उत्तम, कारण दोन्ही कान सारखे राहिलेले नसतात. बॅटरी बदलता येते का ते विचारावे. न बदलता येणारी बॅटरी काही वर्षांनी थकते, आणि तिच्याबरोबर चांगला हेडफोनही जातो. कान पुरते बंद करणारा हेडफोन घातला तर दाराची घंटा ऐकू येत नाही, आणि कोणी हाक मारली तरी कळत नाही. घरात वयस्कर माणूस एकटा असतो अशा ठिकाणी थोडा मोकळा हेडफोन बरा. आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्याने त्या यंत्राच्या तज्ज्ञाला विचारल्याशिवाय काही घेऊ नये. काही श्रवणयंत्रांत टीव्हीचा आवाज थेट घेण्याची सोय असते, आणि मग वेगळा हेडफोन लागतच नाही.

शेवटी एक धोक्याची सूचना. आकडा चाळीसवर गेला की पूर्वी शेजारी सांगत, मुलगी सांगे. हेडफोनचा आवाज वाढला तर सांगणारे कोणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज मोठ्या माणसाने आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते, म्हणजे ९० डेसिबलला ती जेमतेम ४ तासांवर येते. तेव्हा अधूनमधून घरातल्या दुसऱ्या कोणीतरी तो हेडफोन कानाला लावून पाहावा. असह्य वाटला, तर चाक कमी करण्याआधी डॉक्टरची वेळ घ्यावी.

कारण हेडफोन ही तपासणीची बदली नव्हे. एकाच कानाने कमी ऐकू येऊ लागले, अचानक ऐकू येईनासे झाले, कान वाहत असला किंवा सतत गुणगुणत असला, तर दुकानात जाण्याआधी कानाच्या डॉक्टरकडे जावे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे, आणि इतर शहरांतही श्रवणतपासणी करणारे तज्ज्ञ आहेत. अण्णांची तपासणी आम्ही केली, पण हेडफोन आणल्यानंतर केली. उजव्या कानात नुसता मळ साठलेला निघाला. तो काढल्यावर बराच फरक पडला. उरलेला भाग वयाचा. त्यासाठी आता यंत्र आले आहे, ते ते गप्पांच्या वेळी लावतात. टीव्हीसमोर यंत्र काढून ठेवतात आणि हेडफोन चढवतात. आम्ही उलट्या क्रमाने गेलो. आपण तसे जाऊ नये.

आता साडेसातला आमच्याकडे युद्ध होत नाही. आकडा पंधरावर असतो. मुलीच्या खोलीचे दार उघडे असते. जेवणाच्या वेळी हेडफोन ठाण्यावर ठेवायचा, असा नियम आईने केला आहे, आणि तो पाळला जातो. अण्णा अजूनही मध्येच उठून गॅलरीत जातात, पण आता जाहिराती लागल्या म्हणून, कुंड्यांना पाणी घालायला. आणि जाहिराती संपल्या की परत येऊन बसतात.